‘थोडासाच करंट मारते’ म्हणे!

होळी झाली की आमच्या यवतमाळला घरोघरी एकच धांदल. मागच्या पडवीत वर्षभर पडलेला कूलर ओढून काढायचा, धूळ झटकायची, जुन्या ताट्या काढून नव्या लावायच्या, टाकीतला गंज खरवडायचा आणि मग शेवटचा प्रश्न... पंप चालतो का? पंपानं पाणी वर फेकलं, ताट्या भिजल्या, तो ओला ओला वास घरात पसरला, की उन्हाळ्याशी दोन हात करायला आपण मोकळ्या!

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका एप्रिलमधली गोष्ट. सकाळी मी कूलरमध्ये पाणी भरत होते. उजव्या हातात पाइप, पाय अनवाणी, फरशीवर सांडलेलं पाणी. डावा हात सहज कूलरच्या पत्र्याला लागला आणि कोपरापर्यंत एक झिणझिणी गेली. हात झटकन मागे घेतला. छातीत धडधड.

रात्री ‘ह्यां’ना सांगितलं. जेवण झालेलं, पायात चपला, हात कोरडे. त्यांनी ऐटीत पत्र्यावर पंजा ठेवला. म्हणाले, “मला तर काहीच लागत नाही. तुझाच हात ओला असेल.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, “आमचाबी मारते वो ताई! थोडासाच मारते. पाणी भरताना प्लास्टिकची चप्पल घालून घ्यायची, झालं. इतकं तितकं तर मारतेच कूलर.”

मैत्रिणींनो, खरं सांगा, हे वाक्य तुम्ही ऐकलंय ना? कदाचित तुम्हीच म्हटलं असेल. मीही म्हटलंय. ‘नळाची मोटर थोडी मारते, बटन काडीनं बंद करत जा.’ ‘गिझर कधी कधी चावतो.’ जसं काही घरात एखादा तिरसट म्हातारा आहे आणि त्याच्या स्वभावाला सांभाळून घ्यायचंय!

मीही सांभाळूनच घेणार होते. पण तिसऱ्या दिवशी दुपारी माझी पाच वर्षांची भाची मोरीतून न्हाऊन निघाली आणि ओल्या केसांनी, ओल्या पायांनी थेट कूलरकडे धावली. गार वाऱ्यासमोर दोन्ही हात पत्र्याला लावून उभं राहायची तिची रोजची सवय. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि अशी किंचाळले, की पोरगी जागच्या जागी थिजली. धावत जाऊन मुख्य बटन पाडलं. पाय लटपटत होते. त्या दिवशी कूलर बंद म्हणजे बंद. चव्वेचाळीस डिग्रीत सगळे माझ्या नावानं कुरकुरले. कुरकुरू देत.

संध्याकाळी एक वयस्कर वायरमन आले. त्यांनी कूलरची मागची ताटी काढली आणि मला बोलावलं. “या, स्वतः पाहा,” म्हणाले. आतल्या पंपाची वायर पत्र्याच्या धारदार कडेवरून गेली होती. पंखा चालू असला की कूलर थरथरतो. त्या थरथरीत वायर महिनोन् महिने घासत होती. वरचं प्लास्टिक कापलं जाऊन आतलं तांबं चमकत होतं आणि ते पत्र्याला टेकलं होतं. ही पहिली चूक.

मग त्यांनी पिन उघडली. पिनला तीन काड्या होत्या, पण तिसऱ्या जाड काडीला वायरच नव्हती. हिरवी वायर कुणीतरी कापून आत दुमडून ठेवलेली. ही दुसरी. भिंतीतला बोर्ड उघडला, तर वरच्या मोठ्या भोकातही वायर नाही. ही तिसरी. आणि चौथी? ती आम्हीच पैसे देऊन करून घेतलेली! आठवडाभरापूर्वी घरातली वीज सारखी ‘ट्रिप’ होत होती. मीटरजवळच्या पेटीत एक आरसीसीबी नावाचं उपकरण होतं, ते पडायचं. वर केलं की पुन्हा पडायचं. फ्रिज बंद, टीव्ही बंद, सगळे वैतागले. तेव्हा आलेल्या दुसऱ्या एका वायरमननं पाच मिनिटांत ‘इलाज’ केला. त्यानं ते उपकरणच वगळून वायर सरळ जोडून दिली. “आता नाही पडणार,” म्हणाला. आम्ही खूश!

जे यंत्र आठवडाभर ओरडून सांगत होतं, की घरात कुठंतरी वीज गळतेय, त्याचंच तोंड आम्ही बंद केलं. आणि मग मी सांगायला लागले, की करंट मारतोय, तर... असो.

त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागले. वाचलं, विचारलं, त्या काकांना पुन्हा पुन्हा फोन केले. जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण घरातल्या पंपाशी सगळ्यात जास्त संबंध आपलाच येतो. पंप विकत आणतात पुरुष. कुठं बसवायचा, वायर कुठून न्यायची, किती पैसे घालायचे हे ठरवतात पुरुष. पण पहाटे नळ आला की मोटर लावते कोण? कूलर भरते कोण? धुणं धुताधुता ओल्या हातानं बटन बंद करते कोण?

आधी तो ‘मला तर काही लागत नाही’चा प्रश्न. ते खोटं बोलत नव्हते. माणसाची कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. त्यात पायात रबरी चप्पल असेल तर वीज अंगातून जमिनीत जायला वाटच मिळत नाही. तोच हात ओला झाला, पाय ओल्या फरशीवर अनवाणी असले, की हा अडथळा कितीतरी पटींनी कमी होतो. म्हणजे एकाच कूलरला एकाच घरातल्या दोन माणसांनी हात लावला, तर एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. तेव्हा घरातल्या कर्त्या माणसानं रात्री चपला घालून केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे!

दुसरी गोष्ट वाचली तेव्हा तर मी चकितच झाले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथं चार्ल्स डॅल्झिएल नावाचे एक प्राध्यापक होते. किती विजेला माणसाचा हात अडकून बसतो, म्हणजे मूठ आवळली जाते आणि इच्छा असूनही सोडवता येत नाही, हे त्यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या 134 पुरुषांवर आणि 28 स्त्रियांवर प्रयोग करून पाहिलं. पुरुषांची सरासरी निघाली 16 मिलीअँपिअर. स्त्रियांची साडेदहा. म्हणजे पुरुष जिथं हात सोडवून घेऊ शकतो, तिथं बाईचा हात अडकून राहू शकतो. मुलांची सहनशक्ती तर त्याहून कमी धरतात. आता सांगा, ओल्या हाताची, अनवाणी आणि आधीच कमी विजेला अडकणारी बाई ‘करंट मारते’ म्हणते, तेव्हा तिचं ऐकायचं, की कोरड्या पंजाचं?

साडेदहा मिलीअँपिअर म्हणजे किती? आपल्याकडे पूर्वी झोपायच्या खोलीत 15 वॅटचा झिरोचा बल्ब असायचा. तो जळायला साधारण 65 मिलीअँपिअर वीज लागायची. म्हणजे तो मिणमिणता बल्ब जेवढी वीज खायचा, तिच्या सहाव्या हिश्श्यात हात अडकतो आणि त्याहून जास्त वीज छातीतून गेली तर काळजाचे ठोके बिघडू शकतात.

“पण आमच्याकडे एमसीबी आहे की!” असं म्हणाल. माझाही हाच समज होता. एमसीबी किंवा जुना फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. दहा अँपिअरची एमसीबी दहा अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. दहा अँपिअर म्हणजे दहा हजार मिलीअँपिअर! आपल्याला मारायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी पुरते. तुम्ही पंपाला चिकटून तडफडत असाल, तरी एमसीबीच्या दृष्टीनं घरात एक छोटा बल्ब लागलाय, इतकंच.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम अगदी हिशेबी बाईसारखं. जितकी वीज घरात गेली, तितकी परत आली का, हे तो सतत मोजतो. दूधवाल्यानं दिलेलं आणि पातेल्यात आलेलं जुळलं नाही, की आपण कसं लगेच विचारतो, तसं! 30 मिलीअँपिअरचा फरक दिसला, की ती वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा भलत्याच वाटेनं जमिनीत जातेय असं समजून तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुरवठा तोडतो. डॅल्झिएल यांनीच 1961 साली अमेरिकेत असं उपकरण पुढे आणलं आणि 1968 साली तिथल्या वीज नियमांत ते सगळ्यात आधी सक्तीचं झालं पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी. कारण उघड आहे. तलावात माणूस नखशिखान्त ओला असतो. तलावाच्या पंपापाशीही तशीच काळजी घेतात. अर्थिंग पक्कं, संरक्षक उपकरण पक्कं, पंप पाण्यापासून दूर कोरड्या जागी आणि दुरुस्ती करायची तर आधी वीज तोडायची.

वाचून मनात आलं, आपल्याकडे कुणाच्या घरी पोहण्याचा तलाव आहे? पण आपली मोरी, आपलं धुण्याचं अंगण, नळ आल्यावर घोटाघोटा पाणी साचणारा तो कोपरा... तिथं आपणही ओल्याच असतो की! श्रीमंतांच्या तलावाला जो नियम, तोच आपल्या मोरीला का नको?

यवतमाळकरणींना तर पंपाचं महत्त्व सांगायलाच नको. 2018 चा उन्हाळा आठवा. निळोणा आणि चापडोह, आपली दोन्ही धरणं तळाला गेली होती. नळाला पाणी येईल या आशेवर दिवसच्या दिवस काढले. टँकरमागे पळालो, गुंड-बकेटींच्या रांगा लावल्या, भांडलो, रडलो. बेंबळ्याचं पाणी येणार, येणार म्हणून वाट पाहिली. त्या उन्हाळ्यानं आपल्याला एक सवय लावली, साठवायची. कुणी अंगणात टाकं बांधलं, कुणी बोअर मारली, कुणी गच्चीवर दोन टाक्या चढवल्या. आणि प्रत्येक टाक्याबरोबर घरात एक मोटर आली. पाण्याचं संकट आपण वीज घरात आणून सोडवलं. चांगलं केलं. पण पाणी आणि वीज एका जागी आणताना तिसरं जे आणायचं, ते संरक्षण, तेवढं दुकानातच राहिलं.

त्यातही नळाच्या पाइपाला थेट जोडलेला तो ‘टिल्लू’! त्याबद्दल थोडं कडू बोलते, रागावू नका. नळाच्या लाइनीतून थेट पाणी ओढणं बेकायदा आहे, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ओढतो तेव्हा उतारावरच्या नाहीतर शेवटच्या घरातली बाई रिकामा गुंड घेऊन बसते. शिवाय लाइन कुठं फुटलेली असली तर ओढीबरोबर नालीचं पाणीही आत येतं आणि आपल्याच पोरांच्या पोटात जातं. आणि हा पंप लपवायचा असतो ना, म्हणून तो मोरीच्या कोपऱ्यात, बकेटीखाली, गोणपाटाखाली असतो. वायर लोंबती, पिन ऐनवेळी बोर्डात खुपसायची, नळ गेला की ओल्या हातानं उपटायची. यापेक्षा धोकादायक मांडणी शोधून सापडणार नाही! नळाचं पाणी आपसूक टाक्यात पडू द्या आणि टाक्यातून गच्चीवर चढवायला मोटर वापरा. ते कायद्यात बसतं आणि मोटर एका जागी नीट बसवताही येते.

आता नीट म्हणजे कशी? हे काम वायरमनचंच आहे, आपण पाना घेऊन बसायचं नाही. पण काय झालं पाहिजे हे आपल्याला माहीत असावं. साडी घेताना विणकर नसतो आपण, तरी पोत पाहतोच की!

मोटर ओल्या जमिनीवर नको. वीत-दीड वीत उंच ओटा करून त्यावर नटबोल्टनं घट्ट बसवलेली, वर पावसापासून आडोसा. बटन नळापासून दूर, कोरड्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, म्हणजे पाण्यात उभं न राहता आणि पोरांचा हात न पोचता दाबता येईल असं. वायर अखंड हवी, मध्ये चिकटपट्टीचे सांधे नकोत. जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको. पिन तीन काड्यांचीच आणि तिसऱ्या काडीला वायर लावलेली. ती वरची काडी जाड आणि लांब असते ती उगाच नाही. पिन घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. बोर्डात बसत नाही म्हणून ती तोडणाऱ्या घरच्या हुशारांना आवरा.

मोटरच्या मागच्या पंख्यावर आणि फिरणाऱ्या दांड्यावर झाकण हवंच. पदर, ओढणी, वेणी यांना गुंडाळायला त्याला क्षणभर पुरतो. पाण्यात बुडणारा पंप असेल तर तो चालू असताना टाक्यात हात घालायचा नाही, उतरायचं तर नाहीच. आणि बरेच दिवस बंद असलेल्या खोल टाक्यात वीज बंद करूनही एकट्यानं उतरू नये. आतली हवा श्वासाला पुरेशी नसते, हे वेगळंच संकट.

मोटर कधी कधी हवा धरते, पाणी उचलत नाही. मग आपण काय करतो? मोटर चालूच ठेवून वरच्या भोकातून तांब्यानं पाणी ओततो! मी कितीदा केलंय. आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मग पाणी, मग झाकण, मग हात पुसून पिन. दोन मिनिटं जास्त लागतात.

आणि मोटर टपटप गळायला लागली, तर खाली वाटी ठेवून भागवू नका. आतलं सील गेलेलं असतं. आज बाहेर पडणारा थेंब उद्या आतल्या गुंडाळीवर पडतो आणि मग मोटरचं सगळं अंग ‘मारायला’ लागतं.

कूलरच्या पंपाचंही तसंच. इवलासा पंप, पण सतत पाण्यात बसलेला. टाकीतलं पाणी संपलं आणि तो कोरडाच फिरत राहिला, की तापतो, आतलं आवरण वितळतं. मग पाणी भरलं की वीज पाण्यात! म्हणून पाणी संपू देऊ नये आणि वर्षभर पडलेला पंप तपासल्याशिवाय पाण्यात सोडू नये. वायर जिथून पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबराचा बुश लावून घ्या. दहा-वीस रुपयांची वस्तू नव्हती म्हणून माझ्या घरात ते रामायण घडलं. आणि पाणी भरण्याआधी पिन काढायची. नुसतं बटन बंद करून चालत नाही, कारण वायरिंग उलटसुलट असेल तर बटन बंद असूनही आत वीज राहू शकते. महावितरण दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात हेच घसा कोरडा करून सांगते. आपण ती बातमी वाचतो, त्यावर भाजी निवडतो आणि भाजी शिजायच्या आत विसरतो.

आता अर्थिंग. हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला, पण ते असतं कुठं? आपल्या घराच्या बाजूला जमिनीत खड्डा करून, मीठ-कोळसा घालून, पाइप किंवा पट्टी पुरलेली असते. पत्र्यात उतरलेली वीज आपल्या अंगातून न जाता त्या वाटेनं जमिनीत जावी म्हणून. ही वाट चालू राहायला जमीन ओलसर लागते. आणि आपली जमीन? पावसाळ्यात चिखल, पण मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा! म्हणजे कूलर जेव्हा दिवसरात्र चालतो, नेमकी तेव्हाच अर्थिंगची जमीन सुकलेली असते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदोनदा बकेटभर पाणी ओतावं. भांडी विसळलेलं चालेल. तुळशीला रोज घालतो ना, तसं यालाही घालू या. दोघीही घराचं रक्षणच करतात.

जुन्या घरांत अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असायची. आता पाइप प्लास्टिकचे झाले आणि ती वायर कुठंच न पोचता लटकत राहिली. तेही पाहून घ्या. आणि कुणी वायरमन “अर्थिंग नाही ना, मग न्यूट्रललाच जोडून देतो” म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठं तुटला तर मोटरच्या अंगात सगळीच्या सगळी वीज उतरते. हा उपाय नाही, सापळा आहे.

“एवढा खर्च कोण करणार?” हा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. खर्च आहे, नाही कसा म्हणू? चांगल्या कंपनीचा आरसीसीबी बसवून साधारण दोन-अडीच हजारांत जातो, अर्थिंगचा वेगळा. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्यांना हे पैसे लहान नाहीत. पण मोटर घेताना आपण अर्ध्या अश्वशक्तीची की एकची, यावर चार दिवस चर्चा करतो. तेव्हाच संरक्षणाचे पैसे मोटरच्या किमतीत धरले तर? मंगळसूत्राच्या वाटीत सोनं घालतो आणि दोरा कच्चा वापरतो, असं कोण करतं?

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशी बोला, एकटीचं ऐकत नसतील तर वाड्यातल्या चौघी मिळून बोला. आणि काम होईपर्यंत एवढं तरी, पिन काढल्याशिवाय पाण्याला हात नाही.

आरसीसीबी बसवला म्हणजे झालं असंही नाही. त्यावर एक छोटं बटन असतं, ‘टेस्ट’ लिहिलेलं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. वीज गेली पाहिजे. नाही गेली तर उपकरण मेलेलं आहे, लगेच बदला. मी महिन्याचा किराणा भरते त्या दिवशी दाबते, म्हणजे विसरत नाही. आणि ते वारंवार पडत असेल, तर त्याला शिव्या देऊ नका. कुठली वस्तू लावल्यावर पडतं ते पाहा. गुन्हेगार ती वस्तू असते.

इतकं करूनही प्रसंग आलाच तर? कुणी मोटरला किंवा कूलरला चिकटलेलं दिसलं, तर आपला पहिला धर्म त्याला ओढायला धावण्याचा. तो धर्म त्या क्षणी बाजूला ठेवा. अशा प्रसंगात एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो. आधी मुख्य बटन पाडा. ते जमलं नाही तर कोरड्या जागी, लाकडी पाटावर उभं राहून, कोरड्या लाकडी काठीनं त्याला वेगळं करा. मग 108 ला फोन. श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करा, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. आणि माणूस उठून बसला, हसला, “काही नाही झालं” म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. विजेचा धक्का आत काय करून गेला ते बाहेरून दिसत नाही. मुख्य बटन कुठं आहे हे घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंना आणि शाळकरी पोरांनाही, आजच दाखवून ठेवा.

शेवटी पुन्हा माझ्या त्या झिणझिणीकडे येते. खूपदा विचार करते, मी पहिल्याच दिवशी कूलर बंद का नाही केला? कारण ‘तुझाच हात ओला असेल’ हे मला पटलं होतं. कंबर दुखते, तुझं काम जास्त झालं असेल. चक्कर येते, तू जेवली नसशील. करंट लागतो, तुझा हात ओला असेल. आपल्या दुखण्याचं कारण आपणच, हे इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकतो. अहो, हात तर ओला असणारच! घरातलं सगळं पाणी याच हातांनी भरलं जातं. हात ओला आहे हा दोष हाताचा नाही. ओल्या हाताला धरून घर बांधलं नाही, हा दोष घराचा आहे.

त्यानंतर आमच्या शेजारच्या वहिनींकडेही ते वयस्कर काका येऊन गेले. त्यांच्या कूलरची वायरही तशीच निघाली. आता त्या कुणाच्याही घरी गेल्या की आधी विचारतात, “तुमचा कूलर मारते का वो?” आणि समोरची ‘थोडासा’ म्हणाली, की त्या चहासुद्धा घेत नाहीत, आधी पिन काढायला लावतात.

तेव्हा मैत्रिणींनो, आज पेपर खाली ठेवलात की एक काम करा. घरात कुठली वस्तू ‘थोडीशी’ मारते ते आठवा. तिची पिन काढा आणि वायरमन येऊन जाईपर्यंत ती परत लावू नका. कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या. एक दिवस उकाड्यात काढता येतो.